बाबांच्या ऑपरेशनआधी

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना बोलायला त्रास होतो, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव आणि हे पत्र दवाखान्याच्या फायलीत ठेव.

बाबा, तुमच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरसाठी तुम्ही सारखं विचारताय, नुसत्या लाईटवर, म्हणजे रेडिएशनवर, भागणार नाही का? तुमच्या रिपोर्टवर 'टी फोर ए' लिहिलंय. म्हणजे गाठ स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे त्याचं मऊ हाड, फोडून बाहेर आली आहे. १९९१ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांमधल्या ३३२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला आधी ऑपरेशन आणि मग लाईट, दुसऱ्याला आधी केमो आणि मग लाईट. केमोच्या गटातल्या ६४ टक्क्यांचं स्वरयंत्र वाचलं, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत सारखेच, ६८ टक्के लोक हयात होते. पण केमोच्या गटात ज्यांची गाठ टी फोर होती, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांचं स्वरयंत्र शेवटी काढावंच लागलं. शिवाय लाईट घेतलेल्या घशावर चाकू लागला की जखम भरायला फार जड जातं. कूर्चा खाल्ली गेल्यावर राखलेलं स्वरयंत्र नीट मिटतही नाही. पाणी फुफ्फुसात उतरतं, न्यूमोनिया होतो. म्हणून ऑपरेशन आधी, लाईट नंतर.

स्वरयंत्र पूर्ण निघेल, अन्नमार्गाचा शेजारचा भाग आणि मानेतल्या लसिका गाठीही निघतील. श्वासनळीचं तोंड मानेच्या तळाशी कातडीला कायमचं शिवतील. नाकातोंडाचा फुफ्फुसाशी संबंध तिथे संपतो. हे सगळ्यांनी पाठ करा. बाबांच्या खिशात चिठ्ठी हवी: 'मी मानेतून श्वास घेतो. ऑक्सिजन मानेला लावा.'

अन्नमार्गाची उरलेली पट्टी अरुंद पडते. तशीच शिवली तर घास अडकेल. म्हणून छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट उचलून, त्याची रक्तवाहिनी न तोडता, गळपट्टीच्या हाडावरून मानेत फिरवतात आणि तिथे ठिगळ लावतात. ह्यालाच फ्लॅप म्हणतात. त्याचा सगळा रक्तपुरवठा त्या एका दांड्यातून येतो. आई, मानेभोवती नाडी किंवा पट्टी घट्ट आवळलेली दिसली तर लगेच सिस्टरांना सांग, कारण दांडा दबला की फ्लॅप काळानिळा पडतो. पुरुषांच्या घशात ह्या कातडीवर छातीचे केस उगवतात. घाबरू नका, लाईटनंतर ते बहुतेक जातात.

सगळ्यात जास्त त्रास देते ती गळती. साधारण पहिल्या दोन आठवड्यांत शिवणीतून थुंकी झिरपते. आधी ताप येतो, टाक्यांजवळची कातडी लाल आणि गरम होते, मग पट्टी चिकट पाण्यानं भिजते. हिमोग्लोबिन आणि प्रथिनं कमी असली की हे जास्त होतं, म्हणून आत्तापासून अंडी, दूध, डाळीचं घट्ट पाणी, जे उतरेल ते द्या. बहुतेक गळत्या रोजच्या ड्रेसिंगनं आणि तोंडानं काही न घेता भरतात. पण मानेतून लालभडक रक्त आलं, थोडं आलं तरी, हातानं घट्ट दाबून धरायचं आणि ओरडून माणसं बोलवायची.

तोवर जेवण नाकातल्या नळीतून. दर दोन-अडीच तासांनी २०० मिली गाळलेलं पातळ अन्न, बाबांना टेकवून बसवून. नंतर ३० ते ५० मिली पाणी, आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नळी निघून आली तर कुणीही परत सरकवायची नाही, ताजी शिवण फाटते.

नाकाचं काम बंद झाल्यामुळे कोरडी हवा थेट आत जाते आणि मानेतल्या श्वासाच्या भोकाच्या कडेला शेंबडाची कडक पापडी धरते. ती ओढायची नाही. सलाईनची वाफ द्यायची, ओल्या गॉजनं भिजवायची, मऊ झाली की चिमट्यानं काढायची. अंघोळीत भोकावर पाणी येऊ द्यायचं नाही.

बाबा, आवाज परत येतो, वेगळा येतो. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधे छोटा व्हॉल्व्ह बसवतात. अंगठ्यानं भोक बंद करून बोलायचं. काही महिन्यांनी त्यावर बुरशी धरते आणि पाणी पिताना खोकला येतो, तेव्हा तो बदलायचा.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत लाईट सुरू व्हायला हवा, ३० ते ३३ बैठका. इथे उशीर झाला तर रोग परत यायला वाव मिळतो. पुढे थायरॉईडची तपासणी सहा-सहा महिन्यांनी. तुमच्यासारख्या आजारात ऑपरेशन आणि लाईट दोन्ही पूर्ण केलेले अंदाजे निम्मे लोक पाच वर्षांनी हयात असतात. मानेतल्या गाठींत रोग निघाला तर प्रमाण खाली येतं. मी हे तुमच्यापासून लपवणार नाही. रोग परत यायचा तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून त्या काळातली एकही तपासणी चुकवायची नाही. आणि बाबा, तंबाखूची डबी आजच आईकडे द्या.

रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा, जन आरोग्य योजनेची मंजुरी ऑपरेशनआधी लागते. दातांच्या डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवा. किडके दात लाईटआधीच काढायला हवेत. मी शनिवारी सकाळच्या गाडीनं पोचते.

तुमची,
मनू