स्टोअरच्या मामांना जाहीर आभारपत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीतील तुमच्या वर्कशॉपमध्ये माझा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा कामाला लागला, त्याला येत्या गुढीपाडव्याला दोन वर्षे पूर्ण होतील. समोर आभार मानायला गेले की तुम्ही चहा मागवून विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

अठराव्या वर्षी त्याची विशेष शाळा संपली. मुक्त विद्यालयातून तो दहावी झाला होता, पण पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के जागा राखीव ठेवल्या खऱ्या. परंतु त्यातील 1 टक्क्यात स्वमग्नतेबरोबर बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार असलेलेही वाटेकरी आहेत, आणि खासगी कारखान्यांवर तर हे आरक्षण बंधनकारकच नाही. एका कंपनीत मुलाखतीला त्याला ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणाले, तेव्हा त्याने उंची, रक्तगट आणि चपलेचा नंबर सांगितला. उत्तर अगदी बरोबर होते, असे माझे आजही मत आहे. बोलावणे मात्र आले नाही.

तुम्ही मुलाखत घेतलीच नाही. ‘तीन दिवस सकाळी पाठवा, काम करून बघू दे,’ एवढेच म्हणालात. पहिल्याच दिवशी प्रेसच्या धडधडीने तो कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसला, तेव्हा मला वाटले, संपले. तुम्ही काही न बोलता पॅकिंगचे टेबल मागच्या खोलीत हलवलेत आणि नट, बोल्ट, वायसर किती व कोणत्या क्रमाने पुड्यात भरायचे याचे फोटो भिंतीवर ओळीने चिकटवलेत. ‘जरा वेळाने ये’ असे त्याला कोणी सांगायचे नाही, ‘साडेअकराला ये’ असे सांगायचे, ही ताकीद तुम्ही हेल्परपासून मालकांपर्यंत सर्वांना दिलीत. 8 एमएमच्या बोल्टांत 10 एमएमचा एखादा मिसळलेला असला की तो पूर्ण पुडा रिकामा करून पुन्हा मोजतो. या सवयीवर घरी आम्ही वर्षानुवर्षे चिडत आलो. तुम्ही तिला ‘चेकिंग’ म्हणालात आणि त्या कामाचा इतरांइतकाच पगार मिळवून दिलात.

एक गोष्ट तेव्हा मला लागली होती. त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मीच देते, हे पाहून तुम्ही म्हणालात, ‘ताई, उद्यापासून तुम्ही गेटपर्यंतच.’ आठवडाभर मी रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसून राहिले. मग घरी राहू लागले. पहिल्या वर्षी पालखीच्या दिवशी बसचा मार्ग बदलला आणि तो थांब्यावर दोन तास उभा राहिला. त्यानंतर तुम्ही पंचांग पाहून त्याच्या कॅलेंडरवर ‘आज बस नाही, मामा न्यायला येतील’ असे आधीच लिहून ठेवता. साठी उलटलेल्या माणसाने स्कूटरवरून एवढे फेरे घालावेत, याचा संकोच वाटतो. तरी तो दिवस त्याच्या फार आवडीचा आहे.

या महिनाअखेरीस तुम्ही निवृत्त होत आहात, हे त्याला कळले आहे. तुमच्या खुर्चीवर कोण बसणार, हे तो रोज रात्री विचारतो. नव्या स्टोअरकीपरांना एकदा घरी घेऊन यावे, ही विनंती. तारीख आणि वेळ तेवढी नक्की कळवा. ‘लवकरच येतो’ म्हटल्याने त्याचे भागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

आपली कृतज्ञ,
गेटपर्यंत येणारी ताई