पहिला गव्हर्नर जनरल कोण?

वेरिबी, मेलबर्न
रविवार, रात्री

प्रिय दत्ता,

तुझा व्हॉइस मेसेज काल दोनदा ऐकला. मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, वहिनी कुणालातरी "बसा, चहा टाकलाय" म्हणत होत्या, आणि तू आवाज खाली आणून विचारलंस, "श्री, निवडणुकीचं तिकीट घरी चालून आलंय. घेऊ की नको?" असल्या प्रश्नाला फोनवर हो-नाही करणं मला जमलं नसतं. तुला हाताने पत्र लिहून पंधरा वर्षं तरी झाली असतील. आज मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय.

पक्षाची माणसं तुला म्हणाली, "सर, तुमचा चेहरा प्रभागातल्या प्रत्येक घरात माहीत आहे, आमचं निम्मं काम झालं." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ते खरंच आहे. दर शनिवारी संध्याकाळी केबलवर तुझी प्रश्नमंजुषा लागायची तेव्हा आपल्या आळीत दुसरं काही कुणी लावायचं नाही. पुढे तू क्लास काढलास, कराडच्या आजूबाजूच्या गावांतली किती पोरं तुझ्या हाताखालून तलाठी, फौजदार झाली. म्हणजे चेहराही आहे आणि मानही. पण चेहऱ्याबरोबर तुझं डोकं आणि तुझ्या सवयीही सभागृहात येणार, हे त्या माणसांच्या लक्षात आलंय का? मला इथला एक माणूस आठवला. त्यांची गोष्ट तुला सविस्तर सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं माझ्याजवळ असलेलं उत्तर त्यातच आहे.

त्यांचं नाव बॅरी जोन्स. जन्म १९३२ चा, गिलाँगचा. मी या देशात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं डँडेनाँगला खोली घेऊन राहिलो होतो, आठवतं? फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानातून तुला फोन करायचो. त्या डँडेनाँगच्या हायस्कूलमध्ये जोन्स शिक्षक होते. आणि आता मी वेरिबीत राहतो, तो भाग लेलोर मतदारसंघात येतो. तिथून ते १९७७ ते १९९८ अशी एकवीस वर्षं खासदार होते. त्यांच्यानंतर या जागेवर ज्युलिया गिलार्ड निवडून आल्या, ज्या पुढे पंतप्रधान झाल्या. मी दोन्ही ठिकाणी राहिलो आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शेजारच्या ऐंशी पार केलेल्या आजींनी एकदा बागेच्या कुंपणापाशी उभं राहून सांगितलं, तेव्हा कळलं. तरुणपणी त्या दुसऱ्यांच्या घरी जाऊन टीव्हीवर जोन्सना बघायच्या, म्हणाल्या. तुझ्या शनिवारासारखंच.

कार्यक्रमाचं नाव होतं 'पिक अ बॉक्स'. सूत्रसंचालक बॉब डायर, मूळचे अमेरिकेतले टेनेसीचे, हसरे, मोठ्या आवाजाचे. प्रश्नांत जिंकलेल्या स्पर्धकाला ते विचारायचे, पैसे की पेटी? समोर दिसणारे पैसे घ्यायचे, नाहीतर बंद पेटी उघडायची. पेटीत भारी बक्षीसही निघे किंवा एखादी फालतू वस्तूही. जोन्स १९६० मध्ये या कार्यक्रमात आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे शाळामास्तर होते. १९६८ पर्यंत ते २०८ वेळा त्या मंचावर उभे राहिले. सगळ्या देशाला ते ओळखीचे झाले.

आता नीट वाच, कारण हे तुझ्यामाझ्या इतिहासाशी येऊन भिडतं. एकदा डायरनी विचारलं, भारताचा पहिला ब्रिटिश गव्हर्नर जनरल कोण? अपेक्षित उत्तर होतं वॉरन हेस्टिंग्ज. जोन्सनी तिथेच हरकत घेतली: काटेकोर बोलायचं तर हेस्टिंग्ज फक्त बंगालचे गव्हर्नर जनरल होते. साऱ्या ऑस्ट्रेलियासमोर, कॅमेरा चालू असताना, एका मास्तराने प्रश्नालाच हात घातला. आजही इथल्या जुन्या माणसांना तो प्रसंग आठवतो.

तुझ्या क्लासमधलं पहिल्या महिन्याचं पोरही हा सापळा ओळखेल. १७७३ चा रेग्युलेटिंग ॲक्ट, बंगालचा पहिला गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज. १८३३ चा चार्टर ॲक्ट, भारताचा पहिला विल्यम बेंटिंक. तू फळ्यावर दोन रकाने करून शिकवतोस. पण दत्ता, मी ही गोष्ट ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती परीक्षेच्या गुणांमुळे नव्हे. हेस्टिंग्ज १७७४ मध्ये गव्हर्नर जनरल झाला तेव्हा पुण्यात बारभाईंचा कारभार होता. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांची फौज आपल्यापुढे नमली. १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला, तो याच हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत. त्याला 'भारताचा' गव्हर्नर जनरल म्हणायचं म्हणजे नाना आणि महादजी त्या काळात नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे. डँडेनाँगच्या एका मास्तराचा महाराष्ट्राशी काय संबंध? काहीच नाही. त्यांना फक्त चुकीचा शब्द सहन होत नव्हता. तेवढ्याने आपल्या पूर्वजांना त्यांची जागा परत मिळाली. मला ते फार मोठं वाटलं.

आणि मला लगेच तू आठवलास. तो भाग तुला आठवतो? अंतिम फेरी होती. तुझ्या हातातल्या कार्डावर प्रश्न होता, भारतातली पहिली रेल्वे कुठून कुठे धावली? सगळ्या हॉलला उत्तर पाठ, बोरीबंदर ते ठाणे, १८५३. नगरपालिकेच्या शाळेतल्या त्या दोन वेण्यांच्या मुलीने बझर दाबला आणि म्हणाली, "सर, मद्रासजवळ रेड हिल्सला त्याच्या आधी, १८३७ मध्ये, दगड वाहायला रेल्वे होती. प्रश्नात 'प्रवासी' म्हणायला पाहिजे होतं." मी पडद्याच्या बाजूला वायरी धरून उभा होतो, मला सगळं दिसत होतं. परीक्षक मान हलवत होते, चूक म्हणून. तू कार्ड उलटं टेबलावर ठेवलंस. "मला हे माहीत नव्हतं. बघून सांगतो," म्हणालास आणि फेरी थांबवलीस. पुढच्या शनिवारी सुरुवातीलाच कॅमेऱ्याकडे बघून तू सांगितलंस की मुलगी बरोबर होती, आणि तिच्या संघाला गुण दिलेस. प्रायोजक नाराज झाले, निकाल फिरला होता. जोन्सनी चूक दाखवली ती स्पर्धकाच्या जागेवरून. तू ती मान्य केलीस सूत्रसंचालकाच्या खुर्चीत बसून. खुर्चीत बसलेल्याला हे जास्त जड जातं असं माझं मत आहे.

पण मला सांगायचंय ते पुढचं आहे, जोन्सनी त्या चेहऱ्याचं काय केलं ते.

डिसेंबर १९६५ मध्ये इथल्या पेंट्रिज तुरुंगातून दोन कैदी पळाले. त्या धावपळीत जॉर्ज हॉडसन नावाचा तुरुंगाचा कर्मचारी गोळी लागून मेला. रोनाल्ड रायन या कैद्याला फाशी ठोठावली गेली. व्हिक्टोरिया या इथल्या राज्याचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, हेन्री बोल्टी फाशी देण्यावर ठाम होते. तेव्हा फाशीविरोधी समितीचे सचिव होते बॅरी जोन्स. विचार कर, क्विझमुळे लोकांचा लाडका झालेला माणूस, कार्यक्रम अजून चालू, आणि तो उभा राहतो एका तुरुंग कर्मचाऱ्याच्या खुनात दोषी ठरलेल्या माणसाचा जीव वाचवायला. टाळ्यांसाठी कुणी असलं काम अंगावर घेत नाही. रायन वाचला नाही. ३ फेब्रुवारी १९६७ ला सकाळी ८ वाजता त्याला फाशी दिली, तुरुंगाबाहेर हजारो लोक उभे होते. ऑस्ट्रेलियात फाशी गेलेला तो शेवटचा माणूस.

जोन्स तिथे थांबले नाहीत. मधली काही वर्षं ते ला ट्रोब विद्यापीठात इतिहास शिकवत होते. १९७२ मध्ये ते व्हिक्टोरियाच्या विधानसभेत निवडून आले, बसले विरोधी बाकावर. १९७५ मध्ये त्याच सभागृहाने फाशीची शिक्षा रद्द केली. सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं, कायदा त्यांनी आणला, श्रेय त्यांच्या नावावर गेलं. तरी ज्यासाठी आठ-दहा वर्षं घासली ते काम झालं. विरोधात बसूनही होतं, हे तू लिहून ठेव. तुझ्या पॅनेलची सत्ता येईलच असं नाही.

आता कडू भागही सांगतो, कारण तुला नुसतं चढवून द्यायला मी हे लिहीत नाही.

१९८२ मध्ये त्यांनी 'स्लीपर्स, वेक!' नावाचं पुस्तक लिहिलं, तंत्रज्ञानामुळे कामधंद्याचं काय होणार यावर. कारखान्यापेक्षा माहिती हाताळण्याच्या कामात जास्त माणसं लागतील आणि जुनी कामं संपतील, हे ते तेव्हा सांगत होते. आपण तेव्हा पाटीवर बेरजा करत होतो. ते चिनी, जपानी, कोरियन भाषांत गेलं. पुढच्याच वर्षी बॉब हॉक पंतप्रधान झाले आणि जोन्स विज्ञानमंत्री, १९९० पर्यंत. विज्ञानमंत्री म्हणून याहून योग्य माणूस त्या संसदेत नसेल. पण ते कॅबिनेटमध्ये नव्हते. पैशाचे निर्णय ज्या खोलीत होतात तिथे त्यांची खुर्ची नव्हती आणि विज्ञानाच्या वाट्याला कात्री लागत राहिली. वैतागून त्यांनी शास्त्रज्ञांनाच बुळे म्हटलं, स्वतःसाठी भांडत नाही म्हणून. त्याचा परिणाम असा झाला की १९८५ मध्ये शास्त्रज्ञांच्या संस्थांनी एकत्र येऊन आपला महासंघ काढला. १९९० मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. २००१ मध्ये पक्षासाठी त्यांनी शिक्षण आणि ज्ञानावर मोठा अहवाल केला, त्यातल्या गोल आणि बाणांच्या एका आकृतीची लोकांनी 'नूडल्स' म्हणून टर उडवली. आतलं कुणी वाचलं नाही. त्या वर्षी पक्षही हरला.

हे वाचून मला वाईट वाटतं. इतकं जाणणाऱ्या माणसाला सोपं करून सांगणं त्या वेळी जमलं नाही, आणि समोरच्यांना ऐकून घेण्याची सवड नव्हती. दोन्ही खरं. तुझ्या बाबतीत पहिली भीती मला नाही, तू चौथी नापास माणसालाही टक्केवारी समजावून सांगू शकतोस. दुसरी मात्र आहे.

कारण सभागृहात तुझ्यापुढे येणारा प्रश्नच वाकडा असणार. अजेंड्यावर लिहिलेलं असेल, "अमुक लाखांच्या कचरा डेपोच्या भिंतीस मंजुरी देणे." हात वर करायचा की नाही, एवढंच तुला विचारतील. भिंत कशाला, कचरा वेगळा का होत नाही, गेल्या भिंतीचं काय झालं, हे विचारलंस तर शेजारचा तुझा शर्ट ओढेल. "सर, हा क्लास नाही," म्हणेल. आणि तू गप्प बसणार नाहीस, हे मला तीस वर्षांच्या दोस्तीतून ठाऊक आहे. मग तिकीट देणारेच पहिले नाराज होतील. तेव्हा त्यांना आत्ताच, अर्ज भरायच्या आधी, समोर बसवून सांग की मी अजेंडा वाचून येणार आणि न समजलेल्याला हात वर करणार नाही. त्यावर ते चहा संपवून निघून गेले तर बरं झालं समज. बसून राहिले तर उभा राहा, मी रजा काढून प्रचाराला येतो.

आणखी एक. क्लास बंद करू नकोस. आठवड्यातून दोन दिवस का होईना, फळ्यासमोर उभा राहा. जोन्सना त्यांच्या देशातल्या चारही विद्वत्परिषदांनी आपलं सभासद करून घेतलं, विज्ञान, तंत्रविद्या, समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या. असा दुसरा माणूस त्या देशात नाही. आता हे सगळं आमदारकी, खासदारकी, मंत्रिपद यातून गेलेल्या माणसाचं आहे. शिकणं सुटलं असतं तर मंत्रिपद गेलं त्या दिवशी त्यांच्याजवळ काय उरलं असतं? पाच वर्षांनी तुझं आरक्षण बदलेल, प्रभाग फुटेल. पोरं तुला तेव्हाही "सर" म्हणून हाक मारायला हवीत.

पैशाचं वहिनींशी मोकळेपणाने बोल. जमीन विकायची नाही, हे मी तुला मित्र म्हणून बजावून सांगतो. आईंना माझा साष्टांग नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यासाठीचं मलम डिसेंबरात घेऊन येतो.

आणि ती दोन वेण्यांची मुलगी, तिचं लग्न होऊन ती साताऱ्याला असते असं तू मागे म्हणाला होतास. शाळेत शिकवते ना? माझं मत एवढं सगळं लिहिलं, पण उभं राहायचं की नाही हे तू एकदा तिला विचार. तुझी चूक सगळ्या गावासमोर सांगणारी ती पहिली होती. अर्ज भरायच्या आधी तिला फोन कर आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझा,
श्री