मार्चमधला हप्ता आणि उणे ऐंशीचा फ्रीझर : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या 14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेह दिनी, मुंबईतल्या सभागृहात आपण शब्द दिलात की मधुमेहावरचे एकही संशोधन पैशावाचून अडणार नाही. आम्हीही टाळ्या वाजवल्या. आमच्या प्रकल्पाच्या अनुदानाचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता खात्यात पडला मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. 31 तारखेला न खर्चलेली रक्कम परत गेली. आणि आता पत्र आले आहे : खर्च कमी, सबब प्रगती असमाधानकारक, सबब पुढचा हप्ता रोखला.

आपल्या कार्यालयाला हा कागदांचा घोळ वाटतो, म्हणून काम काय असते ते सांगतो. इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी ज्या आयलेटमध्ये, म्हणजे पेशींच्या छोट्या बेटांमध्ये असतात, ती स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा उठसूट काढता येत नाही, म्हणून रक्तावरून अंदाज बांधायचा. उपाशीपोटी 75 ग्रॅम ग्लुकोज पाजायचे आणि 0, 30 व 120 मिनिटांना रक्त घ्यायचे. तिसाव्या मिनिटाला साखर किती चढली आणि तिच्या तुलनेत इन्शुलिन किती, यात खरी गोम. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तर त्यांतले विकर इन्शुलिन खाते आणि आकडा खोटाच कमी येतो. म्हणून जोडीला सी-पेप्टाइड, म्हणजे इन्शुलिन बनताना सुटा होणारा तुकडा. बीटा पेशी दोन्ही सारख्याच संख्येने सोडतात. इन्शुलिनचा सुमारे निम्मा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेते, सी-पेप्टाइडला हात लावत नाही. पण तेही नाजूक. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएची नळी, बर्फ, लगेच सेंट्रिफ्यूज, मग प्लाझ्मा छोट्या कुप्यांत वाटून उणे 80 अंशांत. एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवली की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

हे एकदा करून भागत नाही. बीटा पेशींची ताकद वर्षानुवर्षे घसरते. तोच माणूस परत परत आला तरच उतार दिसतो. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने 1990च्या दशकात गर्भवतींपासून सुरुवात केली आणि त्यांची मुले मोठी होईपर्यंत पाठ सोडली नाही. आपली बाळे वजनाने हलकी, तरी चरबी टिकवून असतात, हे त्यातून जगाला कळले. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे कसे बसवायचे?

आता फ्रीझर. लेखा विभागाच्या लेखी ते कपाट. त्यात दोन कंप्रेसर असतात, पहिला दुसऱ्याला थंड करतो. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला किंवा कंडेन्सरची जाळी धुळीने चोंदली, की कंप्रेसर तापून ट्रिप. मुंबईच्या दमट हवेने दाराच्या रबरावर बर्फ धरतो, दार नीट बसत नाही, मोटर थांबायचे नाव घेत नाही. जाळी दर महिन्याला झाडायची, बर्फ काढायचा, जनरेटरची वेगळी लाइन, मोबाइलवर अलार्म आणि एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. यात रॉकेट उडवायचे नाही. पण एएमसी आवर्ती खर्चात, आवर्ती खर्च हप्त्यात आणि हप्ता मार्चमध्ये. एएमसी संपलेली असताना फ्रीझर शनिवारी रात्री बंद पडला. सोमवारी कुप्या पाणी. दोन वर्षांपूर्वीचे रक्त आज काढता येत नाही, साहेब. त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचे?

कोलॅजिनेज या ऊती सुटी करणाऱ्या विकराचेही तेच. उंदराच्या स्वादुपिंडातून आयलेट सोडवायला ते 37 अंशांवर वापरतात. कमी झाले तर आयलेट भोवतालच्या ऊतीला चिकटून राहतात, मिनिटभर जास्त झाले तर विरघळतात. प्रत्येक लॉटची ताकद वेगळी, म्हणून एक लॉट तपासून त्याचाच साठा घ्यायचा असतो. खरेदी समिती म्हणते, सर्वात स्वस्त निविदा. घ्या स्वस्त! मग दर वेळी पहिल्यापासून वेळा जुळवत बसा.

इन्शुलिन शोधणाऱ्या ज्या बँटिंगच्या वाढदिवशी आपण भाषण केलेत, त्यांनी टोरोंटोत मे 1921 मध्ये काम सुरू केले आणि जानेवारी 1922 मध्ये पहिल्या रुग्णाला इंजेक्शन मिळाले. आठ महिने. आठ महिन्यांत आमच्याकडे तीन कोटेशन जमतात, तीही एक बाद होऊन.

देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही, आणि सगळ्या संशोधनावर मिळून जीडीपीच्या 0.64 टक्के. नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे 50,000 कोटी जाहीर झाले, त्यातले 36,000 कोटी सरकारबाहेरून यायचे. म्हणजे सणाचे आमंत्रण आपले, शिधा पाहुण्यांनी आणायचा. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधक फेलोला, 2023 पासून कागदावर दरमहा 37,000 रुपये आणि घरभाडे. महिनोन्‌महिने जमा होत नाही. परळ-शिवडीचा घरमालक मंजुरीपत्रावर खोली देत नाही. मुले औषध कंपन्यांत जातात, परदेशी जातात, आणि मग आपणच व्यासपीठावरून 'ब्रेन ड्रेन'वर अश्रू ढाळता.

मागणे फार नाही : हप्ता एप्रिलमध्ये, शिल्लक पुढच्या वर्षात वापरायची मुभा, फेलोंचे पैसे दर महिन्याला, फ्रीझरची एएमसी प्रकल्पाबाहेरून. आणि कृपया ती 'विनाखर्च मुदतवाढ' देऊ नका. तिचा अर्थ, काम पुढे चालू आणि फेलोचा पगार बंद.

आपले,
स्वादुपिंडावर काम करणारे काही संशोधक, मुंबई