उपासनेनंतरचा चहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की आपल्या पानांवर पुण्यातल्या चर्चच्या रोषणाईचे, चांदण्यांचे, केकच्या दुकानांपुढच्या रांगांचे फोटो येतात. ते पाहून बरं वाटतं. मला लिहायचं आहे ते मात्र उरलेल्या अकरा महिन्यांबद्दल, आणि त्यातही रविवारच्या उपासनेनंतरच्या अर्ध्या तासाबद्दल.

आमच्या मंडळीत तो अर्धा तास चहाचा असे. (आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. इमारत ती देऊळ. मंडळी म्हणजे माणसं, ‘घरची मंडळी’ म्हणतो ना, तीच. मराठी बायबलसाठी ज्यांनी हा शब्द निवडला त्यांचे माझ्यावर उपकार आहेत असं मला नेहमी वाटतं.) शेवटचं गीत, आशीर्वाद, दारात पाळकसाहेबांना सलाम, आणि मग मागच्या हॉलमध्ये पितळी पातेल्यातला आल्याचा चहा नि खारी. कुणाच्या मुलीला नोकरी लागली, कुणाला भाड्याने खोली हवी, कुणाच्या ऑपरेशनला रक्त लागणार, कुणाचं लग्न ठरतंय, सगळं तिथे कळायचं. 1983 साली लग्न होऊन मी राहुरीजवळच्या खेड्यातून पुण्यात आले, तेव्हा त्या पातेल्यापाशी एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारलं, “कुणाची गं तू?” त्याच आठवड्यात त्या पत्ता शोधत घरी आल्या. नवरा पाळीवर गेला की पोर एकटी असते, एवढं त्यांना चहा पिता पिता कळलं होतं.

मार्च 2020 मध्ये देवळाला कुलूप लागलं. राज्यातली प्रार्थनास्थळं 16 नोव्हेंबर 2020 ला उघडली, पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि 7 ऑक्टोबर 2021 ला परत उघडली. उपासना सुरू झाली, चहा सुरू झाला नाही. आधी संसर्गाची भीती होती, ती योग्यच होती. पुढे कारणं बदलत गेली. लगेच इंग्रजी उपासना असते, आवार मोकळं करायचं असतं, करायचं कुणी, लोकांना वेळ कुठे आहे. शिवाय उपासना आता मोबाईलवरही दिसते. अंथरुणाला खिळलेल्या आमच्या वडीलधाऱ्यांना तो फार मोठा आधार आहे आणि तो राहायलाच हवा. पण चालती-फिरती माणसंही घरी बसून पाहू लागली, आणि जी येतात ती आशीर्वाद झाला की पाच मिनिटांत गेटबाहेर असतात.

जालन्याकडची एक मुलगी इथल्या एका इस्पितळात नर्स आहे. रात्रपाळी संपवून थेट उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते. जुलैमध्ये तिची आई वारली. मला ते नोव्हेंबरात कळलं, तेही बसस्टॉपवर, योगायोगाने. आईची माती झाल्यावर काही दिवसांनी ती परतली होती आणि पुढच्याच रविवारी तिच्या बाकावर येऊन बसली होती. आम्ही तिच्याबरोबर गीतं गाइली, प्रभूची प्रार्थना म्हटली, तिला सलाम केला आणि घरी गेलो. दीडशे घरांच्या मंडळीत कुणी तिच्यापाशी थांबलं नाही. मीही थांबले नाही. मी म्हटलं, अगं सांगायचं नाही का? ती म्हणाली, “मावशी, कुणाला सांगणार? सगळे घाईत असतात.”

माझ्या गावी असं झालं असतं तर त्या घरची चूल तीन दिवस पेटली नसती. शेजारून पिठलं-भाकरी आली असती, संध्याकाळी अंगणात सतरंजी अंथरून प्रार्थना झाली असती. शहरात प्रत्येकाचं अंगण कुठून आणायचं? आम्हाला तो हॉलच अंगण होता.

काही जण म्हणतात, चहा ही वरवरची गोष्ट आहे, खरी गोष्ट देवाचं वचन, म्हणजे बायबलचा उपदेश. मला हे पटत नाही. बायबलमध्ये आहे, येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर चालत गेले, त्याने त्यांना शास्त्र उलगडून सांगितलं, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळखलं ते जेवायला बसल्यावर, त्याने भाकर मोडून दिली तेव्हा. उपदेश घरबसल्या साऱ्या जगातले ऐकता येतात. भाकर मोडायला मात्र समोर माणूस लागतं.

आणि हे पुण्याला तरी सांगायला नको. ऑक्टोबर 1890 मध्ये इथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये शहरातली मोठी माणसं जमली होती, त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. मिशनऱ्यांनी समोर ठेवलेला चहा काहींनी घेतला आणि केवढं वादळ उठलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. कुणाबरोबर बसून काय प्यायलं याला किती अर्थ असतो हे त्या पुण्याला पुरतं ठाऊक होतं. आमच्यातल्या बहुतेकांचे पूर्वज ज्या जातींतले, त्यांच्या ओंजळीत पाणीसुद्धा वरून ओतलं जायचं. त्यांना प्रभुभोजनाच्या (उपासनेतल्या भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीच्या) मेजापाशी एकाच प्याल्याला ओठ लावायला मिळाले. त्यांची नातवंडं आज एका बाकावर बसून एकमेकांना ओळखत नाहीत, याचं मला मनापासून दुःख होतं.

लोकांना वेळ नसतो हेही मला मान्य नाही. हंगामाच्या सणाला, म्हणजे नवं पीक देवळात अर्पण करतो तेव्हा, हीच माणसं उपासनेनंतर दोन-दोन तास लिलावाला थांबतात. कुणी आणलेला भोपळा एकजण चढ्या भावाने घेतो, परत देवळाला देतो, तो पुन्हा विकला जातो, आणि उन्हात उभं राहून सगळे टाळ्या वाजवतात. थांबायला निमित्त हवं असतं.

कमिटीपुढे मी एक साधा हिशेब ठेवला आहे. घरं दीडशे, वर्षाचे रविवार 52. दर रविवारी तीन घरांनी चहा करायचा ठरवलं तर एका घराची पाळी वर्षातून एकदाच येते. हॉल नको, गेटजवळच्या चिंचेखाली टेबल मांडू, म्हणजे इंग्रजी उपासनेची अडचण होणार नाही. आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्यापैकी एकाच्या घरी त्या दिवशी दोघांनी थर्मास घेऊन जायचं. त्यांनी सकाळी मोबाईलवर पाहिलेल्या उपासनेतली दोन माणसं तरी त्यांच्या खाटेजवळ येऊन बसतील.

इतर मंडळ्यांनी, किंवा गुरुद्वारा, मशीद, मंदिर, विहार इथल्या कुणी, कोरोनानंतर मोडलेलं असं काही पुन्हा सुरू केलं असेल, तर त्यांनी या सदरातून जरूर कळवावं. आम्हाला उपयोग होईल.

जुनं पातेलं स्टोअरमध्ये आहे, परवाच पाहून आले. कल्हई करून घ्यावी लागेल. परवानगी मिळाली की पहिली पाळी माझी, आणि जालन्याच्या त्या मुलीची. तिला रात्रपाळी नसलेला रविवार मी विचारून ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, पुणे