बालवर्ग : रविवारची वेळ बदलली, आणि थोडा गृहपाठ

सर्व पालक-सभासदांना नमस्कार.

ऊन फार वाढलंय, म्हणून येत्या रविवारचा ५ ते ८ वर्षांच्या मुलांचा संगीत ऐकण्याचा वर्ग १० ऐवजी सकाळी ९ वाजता. पाण्याची बाटली द्या, वही नको.

मागच्या वेळी गाणं लावून ‘काय काय ऐकू आलं?’ विचारलं, तर सगळ्यांनी शब्दच म्हणून दाखवले. चूक आमचीच, एकदम सगळं कानावर टाकलं. या वेळी गाणं नाही, नुसता तबला. डग्ग्यावर (डाव्या हाताने वाजतो तो) ‘घे’, दायावर (उजव्या हाताने वाजतो तो) ‘ना’, आणि दोन्ही एकदम वाजले की ‘धा’. ‘घे’ला मुलांनी डावा हात वर करायचा, ‘ना’ला उजवा, ‘धा’ला दोन्ही. मग त्रिताल हा ताल. त्याच्या १६ मात्रांपैकी (मात्रा म्हणजे तालाचा एकेक ठोका) १० ते १३ या मात्रांना डग्ग्याचा घुमारा नसतो. तिथे कुणाचा डावा हात आपोआप खाली येतो, ते बघण्यात खरी गंमत आहे. (मोठ्यांचाही चुकतो, करून बघा.)

वेळ उरलाच तर तानपुरा, चार तारा, एकेक करून.

घरी एवढंच करा : पूर्व भागातल्या मुलांना यंत्रमागाजवळून जाताना थांबवा. खटखट सगळ्यांनाच ऐकू येते. तिच्या खाली मोटरची घरघर सापडते का, विचारा. बाकीच्यांना कुकर आणि पंखा आहेच. उत्तर मात्र तुम्ही सांगू नका.

येणार नसाल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.