स्नो एग्ज आणि सुटकेचा कागद

चि. ईशान,

अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात तुम्हाला फ्रेंच गोडाचे पदार्थ आहेत म्हणालास. त्यात स्नो एग्ज असतील, तर जेम्स हेमिंग्ज हे नाव माहीत असू दे. अमेरिकेत या पदार्थाची जी जुनी कृती सापडते, ती त्याच्या नावावर आहे.

पाच अंड्यांचं पांढरं इतकं फेटायचं, की भांडं उपडं केलं तरी पडू नये. पिवळ्याचा थेंबही आत जाऊ देऊ नकोस, स्निग्धांशाने फेस धरत नाही. मग दोन कप दुधात तीन चमचे साखर आणि थोडं गुलाबपाणी घालून मंद तापवायचं आणि त्यात फेसाचे गोळे सोडायचे. दूध खळखळलं तर गोळे फुगतात, बाहेर काढले की बसतात आणि चिवट होतात. गोळे निथळायला ठेवून त्याच दुधाचं कस्टर्ड करायचं. पिवळ्यात आधी डावभर गरम दूध घालून सारखं करून घे, एकदम ओतलंस तर गाठी होतील. 80 अंशांच्या आसपास ते दाटतं, 85 च्या पुढे गेलं की फाटतं.

आता हे उघड्या चुलाण्यावर, लाकडाच्या जाळावर करून बघ! म्हणून जेम्स ज्या शेगड्यांवर शिकला त्या महत्त्वाच्या: विटांचा ओटा, त्यात ओळीने खळगे, आत जाळी, जाळीवर लोणारी कोळसा, खाली राख. निखारे कमीजास्त केले की आच हातात. फक्त खिडकी उघडी हवी, कोळशाचा धूर दिसत नाही पण जीव घेतो.

तो 1765 मध्ये जन्मला. आई गुलाम, म्हणून तोही गुलाम. बाप व्हर्जिनियाचा गोरा मळेवाला, त्याचीच औरस मुलगी थॉमस जेफरसनची बायको, आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हा जेफरसनच जेम्सचा मालक. म्हणजे मालकाचा मेहुणाच म्हण. 1784 मध्ये जेफरसनने त्याला पॅरिसला नेलं ते स्वयंपाक शिकवायलाच. 1787 पासून तिथल्या घरचा मुख्य स्वयंपाकी तोच, महिना 24 लिव्र (तेव्हाचं फ्रेंच नाणं) पगार. फ्रेंच शिकायला शिक्षकही त्याने स्वतःच्या पैशाने लावला. फ्रान्समध्ये कोर्टात जाऊन सुटका मागता आली असती, पण आई आणि बहुतेक भावंडं व्हर्जिनियात होती. 1789 मध्ये तो परतला.

1793 मध्ये जेफरसनने लिहून दिलं: माँटिसेलोला, म्हणजे माझ्या व्हर्जिनियातल्या मळ्यावर, येऊन दुसऱ्याला स्वयंपाकात तयार कर, मग तू मोकळा. दुसरा म्हणजे धाकटा भाऊ पीटर. 5 फेब्रुवारी 1796 ला सुटकेचा कागद झाला. त्याच महिन्यात जेम्सने स्वतःच्या अक्षरात मुदपाकखान्याची यादी केली: तांब्याची 19 पातेली, 19 झाकणं आणि पुढे बरंच काही. यादी नीट बघ, तुझ्या जर्नलपेक्षा अक्षर बरं आहे.

1801 मध्ये जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याला जेम्स परत हवा होता. निरोप मध्यस्थांमार्फत येत राहिले. जेम्सचं म्हणणं एवढंच, की पगार आणि अटी तुमच्या हाताने दोन ओळींत मला लिहून कळवा. त्या ओळी आल्या नाहीत. नोकरी ऑनोरे ज्यूलियाँ या फ्रेंच माणसाला मिळाली. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये जेम्सने जीव दिला, वय 36.

पीटर मात्र गुलामच राहिला. जेफरसन गेल्यावर 1827 च्या लिलावात एका स्वतंत्र झालेल्या नातेवाईकाने त्याला एका डॉलरला घेतलं.

कस्टर्ड गाळून घे.

तुझी
आई