आईच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "म्हातारी माणसं वाचवणं परवडत नाही, असंच सांगतं ना गं तुझं गणित?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

माझं काम साथीची मॉडेलं करायचं, म्हणजे रोग कसा पसरतो ते गणितात मांडायचं. मॉडेल म्हणजे भविष्य वर्तवणं नव्हे, हे बाबांसाठी. लोकांचे तीन गट करायचे: लागण होऊ शकेल असे, झालेले, आणि बरे होऊन किंवा दगावून त्यातून सुटलेले. एका गटातून दुसऱ्यात जाण्याचा वेग समीकरणात मांडायचा. १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी हे मांडलं, तेव्हा पडताळ्याला मुंबईच्या १९०५-०६ मधल्या प्लेगचे आकडे घेतले होते. साथ सगळ्यांना गाठल्यावरच थांबते असं नाही. लागण होण्याजोगी माणसं पुरेशी उरली नाहीत की ती ओसरते. किती जणांना लस दिली की पुरे, हा माझा रोजचा प्रश्न त्यातूनच येतो.

तुझा प्रश्न त्याच्या पुढचा. पैसा मोजका, मग तो कुठल्या उपचारावर घालायचा? त्यासाठी आम्ही वर्षं मोजतो. ठणठणीत तब्येतीचं वर्ष म्हणजे एक, दुखण्यात काढलेलं त्याहून कमी. तेव्हा हो, तिशीतला माणूस वाचला की जास्त वर्षं जमा होतात, तुमच्या वयाचा वाचला की कमी. गुडघे दुखत असतील तर त्यातही कात्री. मला हे पुरतं पटलेलं नाही.

असा वाद जुनाच आहे. देवीची लस निघण्याआधी रोग्याच्या फोडातला द्रव टोचून घेत. त्याने काही माणसं दगावत, तरी सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल, असा हिशोब डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७६० साली मांडला. दालांबेर या दुसऱ्या गणितज्ञाने हरकत घेतली: आज जीव पणाला लावायचा आणि बदल्यात म्हातारपणाची वर्षं घ्यायची, हे एकाच तराजूत कसं घालता? आम्ही त्यावर दूरच्या वर्षांना वटाव लावतो, बाबा, म्हणजे जितकं वर्ष दूर तितकं त्याचं मोल कमी धरतो. उत्तर म्हणून ते तोकडंच आहे.

पण गणित दरवेळी तुमच्यावर उलटत नाही. ब्रिटनने २०१३ पासून टप्प्याटप्प्याने निरोगी मुलांनाही नाकात फवारायची फ्लूची लस द्यायला घेतली. फ्लू पसरवण्यात मुलं पुढे असतात आणि उतारवयात लस तितका जोर धरत नाही. म्हणून नातवंडांना लस दिली की आजी-आजोबांना संरक्षण मिळतं. एकेका माणसाची वर्षं मोजत बसलं तर हे दिसत नाही.

आकडा लिहिला नाही तरी निवड होतेच, फक्त ती कोणी आणि कशावरून केली ते कळत नाही. लिहिलेल्या आकड्याशी तुला भांडता तरी येतं. वयोगटांचे निकाल वेगळे दाखवायचा हट्ट मी म्हणूनच धरते, कितीही पानं वाढली तरी.

बाबा, वटावाचा तक्ता सोबत जोडला आहे. दर बदलून बघा, निकाल किती हलतो ते. आणि यंदाची फ्लूची लस दोघांनी घेतलीत का, तेवढं कळवा.

तुमची,
लेक